एकोणसाठ इंचांचा टेप

मित्रांनो, माझ्या अंगावर साठ इंच छापलेले होते. आज एकोणसाठच उरले आहेत. मी शिंप्याच्या गळ्यातला एक जुना टेप आहे. हरवलेल्या त्या एका इंचाने यावलमधल्या एका बाईचा संसार कसा टांगणीला लावला, ते तुम्हांला सांगणार आहे.

मी कापडाच्या पट्टीतून जन्मलो. मला तेलरंगात बुडवून वाळवले, अंगावर काळे आकडे छापले आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या. जळगावच्या एका दुकानात मी माझ्यासारख्याच अकरा भावंडांबरोबर एका खोक्यात गुंडाळून पडलो होतो. तिथून मला अय्युबभाईंनी उचलले. त्यांनी मला बोटांत ओढून पाहिले, नाकाशी नेऊन वास घेतला आणि सरळ गळ्यात टाकले. त्या दिवसापासून तोच माझा पत्ता झाला.

अय्युबभाई यावलचे शिंपी. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आत-बाहेर एक निळा पडदा. ब्लाउजच्या मापाला बाया आल्या की त्या पडद्याआड जात आणि त्यांची बायको साबेरा माझ्याकरवी मापे घेई. ती आतून आकडा सांगे, अय्युबभाई बाहेर वहीत लिहीत.

एका रमजानमध्ये, ईदच्या घाईत, कोळशाची इस्त्री माझ्या टोकावर टेकली. पहिला इंच जळून गेला. अय्युबभाईंनी जळका भाग कापला आणि पितळी टोपी पुन्हा शिवून टाकली. आता मी सुरूच एकपासून होत होतो. माझ्यावर तेहतीस दिसले, तर खरे माप बत्तीस. झुंबरबाई ही शेजारीण. ती म्हणाली, "भाऊ, नवा टेप घ्या ना आता."

"नवा टेप बाजारात मिळंल अक्का," अय्युबभाई म्हणाले. "हाताची सवय कुठल्या दुकानात मिळते?"

मग तसेच चालू झाले. साबेरा आतून म्हणे, "तेहतीस." अय्युबभाई बाहेर म्हणत, "बत्तीस," आणि लिहीत. वीस वर्षे वजाबाकी त्यांनी केली. साबेराने एकदाही केली नाही, तिला करायची गरजच पडली नाही. झुंबरबाई तिथे भाजी निवडायला नाहीतर नुसतीच बसायला येई. तिने हे हजार वेळा ऐकले असेल.

१९९० सालच्या उन्हाळ्यात, ईद झाल्यावर आठव्या दिवशी, अय्युबभाई मशीनवर बसल्याबसल्याच गेले. छातीत कळ आली एवढेच. मी तेव्हा त्यांच्या गळ्यात होतो.

त्यांना मूलबाळ नव्हते. धाकटा भाऊ अस्लम धुळ्याला शिंपीकाम करत होता. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचे नाही आणि परक्या पुरुषासमोर यायचे नाही, याला इद्दत म्हणतात. साबेरा इद्दतीत बसली होती. त्यामुळे अस्लम ओट्यावर बसून पडद्याबाहेरूनच बोलायचा.

"भाभी, इद्दत संपली की धुळ्याला चला. मशीनपण घेऊन चलू. इथं पडून गंज चढेल तिला."

"मशीन मी चालवीन," साबेरा आतून म्हणाली.

"तुम्ही हुक लावले, हातशिलाई केली. कटिंग कधी केलं?"

साबेराने खरोखरच कधी कात्री धरली नव्हती. अस्लम वाईट नव्हता. एकटी बाई यावलमध्ये काय खाईल, ही काळजी त्याला होती. पण साबेराला हे घर, ही गल्ली, हा निळा पडदा सोडून दिराच्या घरात एका कोपऱ्यात उरलेले आयुष्य काढायचे नव्हते.

त्याच सुमारास, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी झुंबरबाई आली. ती दारातच घुटमळली.

"काय झालं अक्का?" साबेराने विचारले.

"कसं सांगू व. माझ्या बहिणीची लता, फैजपूरची. बुधवारी लग्न हाये तिचं. नवरदेवाच्या मावशीनं सुरतेहून साडी धाडली आन् तिच्याच रंगाचं दीड मीटर कापड. ते कापड भाऊंकडे देऊन ठेवलं होतं."

साबेरा उठली आणि कपाटातून कागदाची पुडी काढली. आत अबोली रंगाचे जॉर्जेट होते. इतके हलके की मुठीत धरले तर मूठ रिकामी वाटावी.

"दुःखाच्या घरात कापड मागायले बहिणीला लाज वाटे. म्हणून मीच आली," झुंबरबाई म्हणाली. "दे माय. फैजपुरात कोणी शिवतं का पाहते. पोरीले गळ्याला नाही, पण बाहीला दोन पदरी झालर पाह्यजे म्हणते. सासरी जाताना हीच साडी नेसवणार. मावससासू नजर लावून बसली असंल."

साबेराने कापड पुढे केले नाही. "त्यांनी जबान दिली होती ना?"

"हो. पण आता..."

"मग मी शिवते."

बाहेर ओट्यावर अस्लम बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "भाभी, जॉर्जेट आहे ते. पाण्यासारखं पळतं कात्रीखाली. माझ्याही हातून निसटतं अजून."

"बिघडलं तर मशीन घेऊन जा," साबेरा म्हणाली. "मी मुकाट धुळ्याला येईन. चांगलं उतरलं, तर पुन्हा न्यायचं नाव काढायचं नाही."

अस्लम म्हणाला, "कबूल. गुरुवारपर्यंत थांबतो मी."

मापाचा प्रश्न मात्र उरलाच. लता कॉलेजात जाणारी मुलगी, पंजाबी ड्रेस घालणारी. मापाला पाठवावा असा एकही नीट ब्लाउज तिच्याकडे नव्हता. तिच्या आत्याने अंदाजाने शिवून आणलेले सगळे सैल झाले होते. साबेरा म्हणाली, "लताला इकडे आणा."

"अगं, आज सकाळीच हळद लागली तिले. हळदीची पोर उंबरा ओलांडते कुठी?"

आणि साबेराही उंबरा ओलांडू शकत नव्हती. यावल आणि फैजपूर यांच्यात एस.टी.ची जेमतेम अर्ध्या तासाची वाट. एकीच्या अंगाला हळद, दुसरीच्या अंगावर दुःख. दोघीही आपापल्या घरात बांधलेल्या. ये-जा करू शकत होतो फक्त मी.

साबेराने मला गुंडाळून झुंबरबाईच्या हातात दिले. "छाती, लांबी, बाही. तीन मापं आणा अक्का. श्वास सोडल्यावर घ्यायची."

दुपारच्या एस.टी.ने मी फैजपूरला गेलो. खिडकीबाहेर केळीच्या बागा मागे पडत होत्या आणि मी झुंबरबाईच्या पिशवीत वेलदोड्याच्या पुडीशेजारी पडून होतो. मांडवाच्या घरात नुसता गोंधळ. लता मागच्या खोलीत पिवळी होऊन बसली होती.

"मावशी, तुला जमतं का गं माप घेणं?" ती हसत म्हणाली.

"वीस वर्षं त्या घरात बसली मी. मले काय शिकवते? हात वर कर."

झुंबरबाईने मला लताभोवती गुंडाळले. ओल्या हळदीचा एक डाग माझ्यावर पडला. माझ्यावर एकतीस दिसत होते. झुंबरबाईला आकडे वाचता येत होते, पण लिहिण्याचा कंटाळा. लताचा भाऊ पेन घेऊन बसला होता. तो म्हणाला, "सांग मावशी. एकतीस?"

झुंबरबाई थांबली. तिच्या कानांत अय्युबभाईंचा आवाज आला असणार.

"नाही रे," ती म्हणाली. "या टेपाचा एक इंच गेलेला हाये. तीस लिव्ह. भाऊ असेच लिवायचे."

लांबी, बाही, सगळ्यांतून तिने एकेक इंच वजा केला. तिने बरोबर केले होते. मापे अगदी अचूक होती. लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला ते तीन आकडे लिहिले गेले. झुंबरबाई समाधानाने मला गुंडाळत पुटपुटली, "भाऊ नाहीत, तर कोणी तरी पाह्यलं पाह्यजे ना."

सोमवारी सकाळी ती पत्रिका साबेराच्या पुढ्यात होती. साबेराने मला गळ्यात घातले. माझ्या आयुष्यात प्रथमच मी तिच्या गळ्यात होतो. तिने जमिनीवर जाजम अंथरले, त्यावर जुनी वर्तमानपत्रे आणि वर ते जॉर्जेट. भाताची पातळ पेज शिंपडून ते आदल्या संध्याकाळीच वाळवले होते, म्हणजे कापड पळू नये. टाचण्या लावून ते कागदाशी पक्के केले. अय्युबभाईंची लाकडी पट्टी आणि खडू घेतला. मग पत्रिका वाचली.

छाती तीस.

साबेराने डोळे मिटले. तिचे ओठ हलले. "टेपाने घेतलंय. एक कमी. एकोणतीस."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय झाले, कसे सांगू? मी तिच्या गळ्यातच होतो. तिची धडधड मला लागत होती. मला आकडे दाखवता येतात, पण तोंड नाही. 'साबेरा, वजाबाकी झालेली आहे, पुन्हा करू नकोस,' एवढेच मला म्हणायचे होते. मी तिच्या खांद्यावरून घसरून खाली पडलो. कापडावर जाऊन पडलो. तिने मला उचलले आणि पुन्हा गळ्यात टाकले.

दोघींनीही अय्युबभाईंचे काम आपल्या अंगावर घेतले होते. एकीने दुसरीला सांगितले नव्हते.

तिने पट्टीने एकोणतीसच्या हिशोबाने आखले. लांबीतून इंच गेला, बाहीतून इंच गेला. कात्री हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. बाहेर ओट्यावर अस्लमच्या विडीचा वास येत होता. कात्रीचे पाते कापडाला लागले तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. जॉर्जेट फाटत नाही, नुसते वेगळे होते.

पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या. नंतर झालरीच्या लांब पट्ट्या. झालरीला बाहीच्या घेराच्या अडीच पट कापड लागते. ते पुरावे म्हणून तिने शिलाईसाठी माया, म्हणजे कडेचे जास्तीचे कापड, फार थोडी सोडली होती. हलक्या कापडाचे धागे सुटतात, म्हणून तीही दुमडून दुहेरी शिवली. आता आतून उसवून सोडायला काहीही शिल्लक नव्हते.

झालरीच्या कडा तिने हाताने गोल वळल्या. ते काम तिचे आवडते. दोरा ओढला की पट्टीला चुण्या पडत आणि ती मोगऱ्यासारखी फुलून येई. मंगळवारी बारापर्यंत अंग शिवून तयार झाले. बाह्यांना पहिला पदर लागला. ब्लाउज दोरीवर लावून साबेरा त्याच्याकडे पाहत उभी राहिली. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काही तरी उजळ होते. मी मात्र आतल्या आत आक्रसत होतो.

तेवढ्यात झुंबरबाई आली. पाचच्या एस.टी.ने तिला लग्नाला जायचे होते, ब्लाउज सोबत न्यायचा होता.

"काय सुरेख झाला व," ती म्हणाली आणि ब्लाउज हातात घेतला. मग थांबली. "पण साबेरा, लहान दिसतो नाही?"

"नाही अक्का. तुमच्याच मापाचा आहे."

"हो, मापं तर मी नीट घेतली. भाऊंचा इंचसुद्धा काढून लिवला मी."

साबेराचा हात दोरीवरच राहिला.

"काय काढून?"

"एक इंच. टेपाचा. भाऊ काढायचे ना, तसा."

बाहेर अस्लम खाकरला. साबेरा हळूहळू खाली बसली आणि बसल्याबसल्या तिने तोंडावर पदर घेतला.

"मीपण काढला," ती म्हणाली.

झुंबरबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजले तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "मीच खुळी. मले कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायले?"

"तुम्ही बरोबर केलं अक्का. मी विचारायला पाहिजे होतं."

"नाही व, मी सांगायले पाह्यजे होतं."

"हळू बोला," साबेरा म्हणाली. पण पडद्याला कान नसतात असे कोण म्हणेल? अस्लमचा आवाज आला. "भाभी, बिघडलं का?"

साबेराने पडद्याकडे पाहिले. "अजून नाही," ती म्हणाली.

पाचच्या गाडीला पाच तास उरले होते. कापड दुसरे नाही. उसवले तर जॉर्जेटवर सुईची भोके तशीच राहतात. साबेराने मला गळ्यातून काढले आणि ब्लाउजवर ठेवले. मग ती दुसऱ्या पदराच्या झालरीकडे वळली. अजून न लावलेल्या त्या लांब पट्ट्या चुण्या घातलेल्या तयार होत्या.

तिने त्यांतली एक घेतली आणि दोरा ओढून चुण्या सरळ केल्या. झुंबरबाई म्हणाली, "अगं, झालर मोडते कायले?"

"लताला दोन पदर मिळणार नाहीत. एकच मिळेल."

तिने त्या पट्टीतून इंचाची एक उभी पट्टी कापली आणि पुढच्या बाजूला, हुकांच्या कडेला जोडली. छातीचा इंच परत आला. जोड दिसू नये म्हणून गळ्यापासून खालपर्यंत त्यावर एक नाजूक झालर सोडली. खाली कमरेला दुसरी पट्टी लावून लांबी भरून काढली. बाहीच्या झालरीखाली थोडी पट्टी सोडली, ती बाहीची लांबी झाली. कागद खाली धरून ती मशीन चालवत होती. शिवून झाले की कागद हलकेच फाडून काढायची. सुई एकदाच तुटली. झुंबरबाईने न बोलता दुसरी दिली. तिने पाणी आणले, पंख्याने वारा घातला आणि मधूनमधून घड्याळाकडे पाहिले.

"काखेत मात्र मला काही करता येणार नाही," साबेरा म्हणाली. "तिथे घट्ट झाला तर झाला."

साडेचारला शेवटचे हुक लागले. झुंबरबाई ब्लाउज पिशवीत घालून निघाली. साबेराने मला ब्लाउजबरोबर पाठवले नाही. आता मोजून उपयोग काय होता?

बुधवार कोरडाच गेला. साबेराने मशीन पुसली, कपाट आवरले. धुळ्याला न्यायच्या वस्तू वेगळ्या काढाव्यात तसे तिने अय्युबभाईंचा चष्मा एका डब्यात ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला. मी खिळ्यावर होतो. त्या खोलीत माणूस एकच होते, पण मला वाटत होते की दोघे वाट पाहत आहेत.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला गल्लीत एक जीप थांबली. फैजपूरहून दीपनगरला जाणारी वरात. नवरदेव दीपनगरच्या वसाहतीत राहत होता. पाठराखीण म्हणून झुंबरबाईच सोबत होती. जीपमधून मावससासूंचा वयस्क आवाज आला, "सूनबाई, नवी नवरी आहेस. पतिशोकाच्या घरात पहिल्याच दिवशी जाऊ नये."

"पाच मिनिटं, मावशी," लता म्हणाली आणि उतरली.

अस्लम ओट्यावरून उठून बाजूला झाला. त्याची शिंप्याची नजर आधी चेहऱ्याकडे गेली नाही, ब्लाउजकडे गेली. अबोली साडीवर पदराआडून ती उभी झालर दिसत होती. लता पडदा बाजूला करून आत आली. साबेरा मागे सरकली. "बेटी, तू कशाला आलीस? लोक बोलतील."

"बोलू देत. चाची, काखेत धरतो जरा. हात वर केला की कळतं."

साबेराचा चेहरा उतरला.

"पण झालर बघून मावससासूबाई मला दोनदा विचारत होत्या, हा शिंपी भुसावळचा का जळगावचा?" लता म्हणाली. "मी सांगितलं, यावलची चाची. त्यांना दोन ब्लाउज शिवायचेत. आणि मला तीन. पण आता माप तुम्ही घ्या. मावशीवर माझा भरवसा नाही."

"हो, माझ्यावर कायले राहील," झुंबरबाई दारातून म्हणाली. "एवढी पायपीट केली ती कोणी?"

साबेरा हसली. डोळे पुसत हसली. "अक्का, आजपासून वजाबाकी माझी. तुम्ही फक्त चहा ठेवायचा."

तिने मला खिळ्यावरून काढले. लताचे हात वर झाले. मी तिच्याभोवती फिरलो, काखेपाशी थोडा सैल राहून.

जीप गेल्यावर अस्लम पडद्याबाहेर उभा राहिला.

"भाभी, ती पुढची झालर... आधी ठरलेली होती का?"

"नाही. इंच चुकला होता. तो झाकायला लावली."

पडद्यावरची त्याची सावली मशीनकडे वळली. मला वाटले, संपले सगळे. मग आवाज आला, "तेलाची कुपी कुठे आहे? दोन थेंब टाकून जातो मशीनला. धुळ्याची गाडी साडेतीनला आहे माझी."

साबेराने कुपी पडद्याखालून बाहेर सरकवली आणि स्वतः आतल्या खोलीत गेली. अस्लमने एकट्याने मशीन पुसली, तेल दिले, चाक फिरवून पाहिले आणि निघून गेला.

त्याच संध्याकाळी साबेराने लाल दोरा घेऊन माझ्या पितळी टोपीपाशी एक टाका घातला. ज्याच्या हातात मी जाईन, त्याला कळावे की इथे एक इंच कमी आहे. त्यानंतर माझ्यामुळे कोणाचेही माप चुकले नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. पस्तीसच्या पुढचे माझे आकडे पुसट झालेत आणि साबेराकडे एक पिवळा, न ताणणारा टेप आला आहे. मला तिने फेकले नाही, हे माझे भाग्य. तुमच्या घरीही एखादे जुने साधन असेल, आजोबांचे किंवा आजीचे. त्यात काही उणे असेल तर ते लपवू नका, टाकूनही देऊ नका. त्यावर खूण करून ठेवा. आणि कोणासाठी काही सावरून घेतलेत, तर ते त्याला सांगा. दोन चांगली माणसे एकमेकांना न सांगता तेच काम करतात, तेव्हा कापड तोकडे पडते.

आणि एवढे करा. मला किंवा माझ्यासारख्या कोणालाही काम झाल्यावर घडी घालून चेपून ठेवू नका. सैलसर गुंडाळून ठेवा. घडीवरचे आकडे सगळ्यांत आधी पुसले जातात.